पागेतल्या शेवया

मला चौकशीची खोड लहानपणापासूनची. आमच्या माहेरी म्हणायचे, "हिला कढईत काय शिजतंय ते सांगू नका, चूल कुणी पेटवली इथपासून विचारत बसंल." या खोडीनं मला बोलणीही पुष्कळ खायला लावली आणि आयुष्यातली एकुलती एक नोकरी सार्थकीही तिच्यामुळंच लागली.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. लोहाऱ्यात आमचं सासरचं घर पेठेत, सासऱ्यांच्या भुसार दुकानाच्या मागं. माझे मालक मराठी शाळेत मास्तर. मी सातवी झालेली, आणि लग्नाआधी सोलापूरला मावशीकडं राहून शिवण शिकलेली. तेवढं शिवण येणारी बाई गावात दुसरी नव्हती. म्हणून एके दिवशी कचेरीचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. पागेत शिवण शिकवायला बाई पाहिजे होती.

पागा म्हणजे जुन्या अंमलात घोडी बांधायची लांबलचक दगडी इमारत. घोडी कधीच गेली होती. आता तिथं अठरा बायका आणि त्यांची पोरंबाळं राहत होती. राज्य बदललं त्या दिवसांत आसपासच्या खेड्यांतून उठून आलेली ही मुसलमान कुटुंबं. त्याआधीच्या वर्षात हत्यारबंद टोळ्यांनी लोकांना फार छळलं होतं, आणि त्याचा राग मग ज्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता अशा शेतकऱ्यांवर, पिंजाऱ्यांवर, तांबोळ्यांवर निघाला. बहुतेक बायकांचे नवरे त्यात गेले होते. सरकारनं त्यांना पागेत जागा दिली, आठवड्याचा शिधा लावून दिला आणि त्या आपल्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून दोन शिवणयंत्रं पाठवली.

सासूबाई कडक. आमचं घर लिंगायत, रोज इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय त्या तोंडात पाणी घ्यायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जा बाई. मास्तराच्या पगारात हातभार लागंल. पर तिथलं काई खाऊ-पिऊ नको."

मी हो म्हणाले आणि गेले.

पहिल्या महिन्यातच मला कळून चुकलं की शिवण हे काही त्या बायकांचं पोट भरणारं काम नाही. यंत्रं दोन, बायका अठरा. शेवटचीची पाळी यायची तोवर पहिली विसरून जायची. आणि शिकल्या तरी कपडे कुणाचे शिवणार? गावात दोन शिंपी आधीच माशा मारत बसलेले. तरी बायका मुकाट्यानं यायच्या, उशीचा अभ्रा शिवायच्या, मी उसवायची, पुन्हा शिवायच्या. पागेवर देखरेख करणारे साहेब हैदराबादकडचे. उर्दूत विचार करून मराठीत बोलायचे. ते अभ्र्यांची चळत बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे, तरक्की होते आहे."

शिधा बाजाराच्या आदल्या दिवशी वाटायचे. तूरडाळ, थोडं तेल, दुधाची भुकटी आणि गहू. भुकटीचं काय करायचं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. पोरं ती कोरडीच तळहातावर घेऊन चाटायची, ती टाळूला चिकटायची आणि सगळी पोरं घटकाभर मुकी होऊन जिभा फिरवत बसायची. गहू मात्र चांगला भरघोस मिळायचा. बाहेरदेशातून आलेला लाल गहू, मोठ्या दाण्याचा, दिसायला देखणा.

पण मी पागेत रोज दुपारी असायची, आणि अठरा चुलींपैकी एकाही चुलीवर मला कधी चपाती दिसली नाही. सगळीकडं ज्वारीची भाकरी. आमच्या मुलखात भाकरीवाचून जेवण नाही हे मलाही ठाऊक होतं. पण मग एवढा गहू जात कुठं होता?

साहेबांनाही तोच प्रश्न पडला होता, फक्त त्यांना उत्तर आधीच सापडलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, या बायका गहू बाजारात विकतात असं ऐकलं. शिधा विकायला बंदी आहे. तुम्ही आत जाता-येता. बघा आणि सांगा."

खरं तर त्यांनी सांगितलं नसतं तरी मी बघणारच होते.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या दोन तास आधी गेले. पागेच्या मागं, जिथं पूर्वी घोड्यांना पाणी पाजायचं दगडी टाकं होतं, तिथं चार बायका बसल्या होत्या. मधोमध खाला. खाला म्हणजे मावशी. तिला पागेतली सगळी लहानमोठी माणसं खालाच म्हणायची. चाळिशीची असेल, उंच, हाडापेरानं भक्कम, बोलायला कमी. एक मोठी मुलगी तेवढी तिच्यासोबत होती. तिचं गाव कोणतं हे कुणाला माहीत नव्हतं. मी दोनदा विचारून पाहिलं होतं, दोन्ही वेळा तिनं सुईत दोरा ओवायला घेतला होता.

तिच्या पुढ्यात एक फळी तिरपी टेकवलेली होती. फळीवर ती कणकेचा लांबट गोळा तळहातानं वळत होती, आणि फळीच्या खालच्या टोकाला बसलेली तिची मुलगी येणारी तार बोटांवर झेलून काठीवर टाकत होती. शेवया! पण तार वीतभर निघायची आणि तुटायची. मुलीच्या पदरात तुकड्यांचा ढीग झाला होता.

मला बघून बाकीच्या तिघी उठून उभ्या राहिल्या. खाला बसूनच राहिली. म्हणाली, "सायबानं धाडलं न्हवं?"

"धाडलं," मी म्हणाले. खोटं बोलायची मला लाज वाटली. "पण मला स्वतःलाच बघायचं होतं."

"मग बस अन बघ."

मी बसले. तिनं सगळं सांगितलं. शिध्यातला निम्मा गहू त्या पेठेतल्या घरांत देत आणि त्याच्या बदल्यात ज्वारी घेत, कारण पोरांना भाकरी लागायची. विकत कुणीच नव्हतं. उरलेल्या निम्म्याच्या शेवया करून बघायचा खटाटोप चार महिने चालला होता. ईद तोंडावर होती, पाठोपाठ लग्नसराई. दोन्हीकडं शेवया लागतात.

"गहू ओलवून रातभर फडक्यात बांधला, जात्यावर दळला, वस्त्रानं गाळला. रवा मिठाच्या पान्यात भिजीवला. मुसळानं कुटला बी. समदं केलं," खाला म्हणाली. "पर ह्यो गहू दिसायला पैलवान, आंगात जोर न्हाय. तार धरत न्हाय."

"मग कोणता गहू तार धरतो?"

"बन्सी."

"तो कुठं मिळंल?"

तिनं कणकेचा गोळा मुठीत दाबला. "आमच्या गावात व्हायचा," म्हणाली.

मी साहेबांना जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "पण हुकुमात शिवणकाम लिहिलं आहे. शेवया कुठं लिहिल्या आहेत?"

मी म्हणाले, "साहेब, लोहाऱ्यात उशा किती आणि अभ्रे किती, एकदा तुम्हीच बघा."

ते हसले. हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. गहू बदलून ज्वारी घेणं म्हणजे विकणं नव्हे, असं त्यांनी ठरवलं, आणि एक महिनाभर शेवया करून बघायची परवानगी तोंडी दिली. कागदावर काही दिलं नाही.

आता बन्सी हवा होता. आमच्या दुकानात तो नव्हता. ज्याच्याकडं पिकतो तो घरापुरता ठेवतो, असं सासरे म्हणाले. मी खालाच्या मागं लागले. गाव कुठलं ते सांगा, आमची गाडी दर पंधरवड्याला माकणीच्या बाजाराला जाते, वाटेत असलं तर आपण जाऊन येऊ. तीन दिवस ती अभ्रेच शिवत राहिली. चौथ्या दिवशी अभ्रा खाली ठेवून म्हणाली, "माकनीच्या अलीकडंच हाय. तेरनंच्या काठाला."

दुकानाच्या बैलगाडीतून आम्ही दोघी निघालो. गाडीत पोत्यात लाल गहू घेतला होता, तो खालानं आपल्या आणि तिघींच्या शिध्यातून गोळा केलेला. मला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता आणि ती रस्त्याकडं बघत होती.

"खाला, एक विचारू?"

"इचार की. तू इचारल्याबिगर ऱ्हातीस व्हय?"

"तुमी इतक्या वर्षांत एकदाही गावी का गेला नाहीत?"

"कुनाकडं जाऊ?" ती म्हणाली.

गाव लहान होतं, पन्नास-साठ घरांचं. नदीच्या अलीकडं काळी जमीन, त्यात ज्वारी कणसाला आलेली. गाडीवाल्याला वेशीपाशी थांबवून आम्ही चालत गेलो. खाला न थबकता एका घरापाशी गेली. भिंती उभ्या होत्या, वरचं मातीचं माळवद खाली बसलेलं. वरची लाकडं कुणीतरी काढून नेली होती. ती आत शिरली आणि जिथं चूल असावी तिथं उभी राहिली. मीही मागून गेले. कोपऱ्यात तरवडाचं झुडूप उगवलं होतं. तिनं त्याचं एक पान तोडलं, बोटांनी चुरलं, टाकून दिलं आणि बाहेर आली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, आणि मला माझ्या वाटण्याची लाज वाटली.

शेजारचं घर नांदतं होतं. दारात पन्नाशीची एक बाई मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. कपाळाला विभूती, म्हणजे आमच्याच पंथातली. खालाला बघून तिच्या हातातली मिरची तशीच राहिली. मग कानडीत म्हणाली, "बा, कुंद्रु." ये, बस.

खाला उंबऱ्याबाहेरच बसली. म्हणाली, "अक्का, बन्सी हाय का?"

"इतक्या वर्सांनी आलीस, अन गहू इचारतीस?"

"गव्हालाच आले."

अक्कानं मला निरखून बघितलं. मी पेठेतली, अमक्याची सून, असं सांगितलं. ती मान हलवून पुन्हा मिरच्यांकडं वळली. दोन-तीन देठ खुडले. मग खाली बघतच बोलायला लागली.

"त्या दिशी तू दार वाजीवलंस."

"हौ," खाला म्हणाली.

"म्या आतच व्हते."

"ठावं हाय. तुज्या बांगड्या वाजल्या."

अक्काचे हात थांबले. "लोक म्हनत्यात आमच्या मालकानं कडी लावली. मालक शेतात व्हते. कडी म्या लावली. लेकरं आत व्हती."

"माजी बी व्हती," खाला म्हणाली. "भाईर."

मला जन्मभर प्रश्न विचारायची सवय. त्या वेळी मात्र मी एक मिरची उचलली आणि तिचा देठ खुडायला लागले. गल्लीत एक कोंबडी माती उकरत होती. मी खालाच्या तोंडाकडं बघितलं, पण त्यावरून मला काही कळलं नाही.

शेवटी खालाच म्हणाली, "गहू दाखीव."

अक्का आत गेली आणि सुपात गहू घेऊन आली. बारीक, लांबट, तांबूस पिवळा, काचेसारखा चमकणारा दाणा. खालानं एक दाणा दाढेखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला.

"ह्योच," ती म्हणाली.

"ने. पाहिजे तेवढा ने. मोबदला नगं," अक्का घाईघाईनं म्हणाली.

"फुकाट नक्को." खालाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाच वर्सं फुकाटचं खाऊन हात ढिले पडलेत. माज्याजवळ लाल गहू हाय. खायाला ब्येस हाय. दोन पायल्या लाल घे, एक पायली बन्सी दे."

अक्का कबूल झाली. गाडीवाल्याला बोलावलं, मापं झाली. मापताना दोघी एकमेकींकडं न बघता पायलीतल्या गव्हाकडंच बघत होत्या, पण मापात चूक कुणाचीच झाली नाही. निघताना अक्कानं सुपातल्या मिरच्यांची मूठ खालाच्या पदरात टाकली. ती खालानं परत केली नाही.

गावाबाहेर आल्यावर खालानं बोट करून एक ज्वारीचा पट्टा दाखवला. "त्यो माजा. अक्काचा मालक पेरतो आता."

मी थक्क झाले. "तुमी त्याबद्दल काहीच बोलला नाहीत!"

"आज गव्हाला आले व्हते."

"आणि राग? राग नाही आला तिचा?"

"आला की. राग हाय. त्यो माज्यापाशी हाय, अन गहू तिच्यापाशी हाय. मंग काय करू?"

पुढं माकणी येईपर्यंत मी गप्प बसले. गाडीवाल्यानं नंतर सासऱ्यांना सांगितलं म्हणे, की सूनबाईंची तब्येत बरी नव्हती वाटतं, कोसभर बोलल्याच नाहीत.

पागेत परत आल्यावर प्रयोग सुरू झाले. नुसत्या बन्सीच्या शेवया उत्तम होत, पण बन्सी थोडा आणि लाल गहू ढीगभर. म्हणून मिसळून बघायचं ठरलं. चार भागांत एक भाग बन्सी घातला, तार तुटली. निम्मानिम घातला, तेव्हा तार फळीवरून उतरली, जमिनीपर्यंत गेली आणि तशीच झुलत राहिली. खालाची मुलगी ती दोन्ही हातांवर घेऊन उभी होती आणि तिला पुढं काय करायचं तेच सुचेना. सगळ्या बायका हसायला लागल्या. पागेत मी अठरा बायकांना एकदम हसताना ऐकलं ते त्या दिवशी.

ईदेला गावातल्या मुसलमान घरांनी शेवया हातोहात नेल्या. खरा प्रश्न लग्नसराईचा होता. पेठेतली घरं लिंगायतांची, वाण्यांची, ब्राह्मणांची. ती पागेतल्या बायकांच्या हातचं घेतील का? मी एक जुडी घरी नेली आणि सासूबाईंपुढं ठेवली. कुठून आणल्या ते लपवलं नाही. त्यांनी जुडी उन्हात धरून बघितली, एक तार मोडली, वास घेतला.

"शेवयांचा पाट कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"नवा करून घेतलाय. सुताराकडून."

"पानी?"

"आपल्याच आडाचं. मी भरून दिलं."

त्यांनी जुडी फडताळात ठेवली. चार दिवसांनी मी शाळेचा डबा करून मागं वळते तर त्या चुलीपुढं बसून दुधात शेवया शिजवत होत्या. म्हणाल्या, "कोरडं हाय, कोरड्याला काय हुतंय?" आणि मग, वाटी संपत आल्यावर, "मीठ जरा जास्त पडलंय. सांग त्यास्नी." त्यांना विचारूनच मग पेठेतल्या दोन घरांनी रुखवताच्या शेवया पागेत सांगितल्या.

सगळं असं सरळ चाललं असतं तर सांगण्यासारखं फार उरलं नसतं. पण त्या वर्षी पाऊस उणा झाला. मजुरी मिळेना. शिधा वाटायच्या दिवशी पागेच्या फाटकाशी गावातल्या बायका येऊन उभ्या राहायला लागल्या. आधी दोघी-तिघी, मग दहा-बारा. त्यात एक तरुण मजूर बाई होती, नवरा हंगामाला गेला तो परत न आलेला, कडेवर पोर. ती फाटकाचे गज धरून ओरडली, "त्यास्नी गहू, तेल, दूध! आन आमी काय पोट घरी ठिवून आलोय व्हय? आमी हितलंच हाय न्हवं?"

आतल्या बायका घाबरून चुलींपाशी गेल्या. ओरडणाऱ्या माणसांचा त्यांना अनुभव होता. साहेब बाहेर येऊन समजावत होते, की शिधा यादीप्रमाणं येतो, यादी वरून येते. त्यांनी जिल्ह्याला लिहिलंही. उत्तर आलं नाही. मला दोन्हीकडचं पटत होतं आणि त्यामुळं कुणाचीच बाजू घेता येत नव्हती.

तिसऱ्या खेपेला ती बाई पुन्हा ओरडायला लागली तेव्हा खाला फाटकापर्यंत गेली. मी तिच्या मागोमाग. गजांच्या त्या बाजूला ती, या बाजूला खाला.

खालानं विचारलं, "शेवया वळता येत्यात का?"

बाई गोंधळली. "म्हंजी?"

"हाताला तार निगती का, इचारते."

"मला न येऊन कसं? माज्या मायनं धा लग्नाच्या शेवया केल्यात."

"मंग आत ये. वळ. सांजच्याला गहू घिऊन जा."

आतून लगेच कुरबुर झाली. एक म्हातारी म्हणाली, "आपल्यालाच पुरना, अन तिला कुटनं देती?" खालानं तिला उत्तर दिलं, "आपल्या वाट्यातलं न्हाय, कामातलं देते. लगीनघरचं सांगनं आलंय, आपल्याच्यानं उरकंल का?" म्हातारी चार दिवस खालाशी बोलली नाही.

ती मजूर बाई आत आली, हात धुऊन पाटाशी बसली. तिची तार बघून मी चाट पडले. घोड्याच्या केसासारखी बारीक! शिवाय तिला गव्हले यायचे, नखुले यायचे, मालत्या यायच्या. हे रुखवतात मांडायचे कणकेचे नाजूक प्रकार. एक दाण्याएवढा, एक नखाएवढा, एक वेताच्या काडीवर वळलेला. पागेतल्या बायकांना ते माहीत नव्हते. त्यांच्याकडं फक्त शेवया. आठवड्याभरात खालाची मुलगी तिच्याकडून मालत्या शिकली, आणि तिनं खालाकडून रवा कुटायची रीत उचलली. पुढं अशाच आणखी पाच-सहा जणी गावातून यायला लागल्या. लहान पोरांच्या हातावर भुकटी ठेवताना मग कुणी आतलं-बाहेरचं बघेना. साहेबांनी यादीकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

भांडणं पुष्कळ झाली. कुणाच्या काडीवरची शेवई कुणी नेली, कुणी रवा जाड दळला, कुणाचं पोर वाळवणात शिरलं. पण ती भांडणं कामातली होती.

अक्का पहिल्यांदा आली ती माघात. त्यांच्याकडंही पीक हाताला लागलं नव्हतं, तरी बन्सीचं एक पोतं गाडीत घालून आली, आणि उतरवून झाल्यावर परत न जाता वाळवणापाशी उभी राहिली. खालानं तिला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. जरा वेळानं अक्कानं आपणच चाळण उचलली. त्यानंतर ती वर्षातून दोन-तीनदा यायची, चार-चार दिवस आमच्याकडं मुक्काम करायची आणि दिवसभर पागेत बसायची. दोघींचं बोलणं मी कान देऊन ऐकायची. गहू, मीठ, ऊन, वारा. त्यापलीकडं एक शब्द नाही.

दोन-तीन वर्षांनी वरून हुकूम आला की शिधा टप्प्याटप्प्यानं बंद. आधी तेल गेलं, मग भुकटी, मग डाळ, शेवटी गहू. अठरा घरांपैकी काही आपल्या गावी परतली, काही नळदुर्गाकडं नातेवाइकांत गेली. दोघी मात्र कुठं गेल्या ते मला कधीच कळलं नाही, आणि ते अजून मनात आहे. सात जणी लोहाऱ्यातच राहिल्या. त्यांनी पागेजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि गावातल्या बायकांना धरून शेवयांचं काम तसंच चालू ठेवलं. लाल गहू मिळेनासा झाला, तेव्हा त्या गावातल्याच गव्हावर आल्या. साहेब बदलून गेले. जाताना त्यांनी सातही जणींकडून एकेक जुडी घेतली, आणि प्रत्येकीला सांगितलं की तुझी सगळ्यात चांगली आहे.

पुढं मालकांची बदली झाली आणि आम्ही उस्मानाबादला, म्हणजे आमच्या बोलण्यात धाराशिवाला, राहायला आलो. साठ साल उलटून गेलं होतं. एक दिवस सकाळच्या एसटीनं खाला दारात हजर. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. सोबत अक्काचा मोठा मुलगा. कचेरीत काम होतं. त्या ज्वारीच्या पट्ट्याचं. अक्काचा नवरा वारला होता, आणि त्याच्या मागं मुलानं आपण होऊन कबूल केलं होतं की रान खालाचं आहे, कागदावर तिचं नाव चढवू. आईनं सांगितलं म्हणून, असं तो मला म्हणाला. मी मालकांना सोबत पाठवलं. दुपारपर्यंत अर्ज दिला गेला. रान तोच पेरणार होता, निम्म्या वाट्यानं, आणि त्यातला वाफ्याएवढा एक तुकडा बन्सीला ठेवायचा, एवढीच खालाची अट होती.

जेवायला बसलो. सासूबाई तेव्हा नव्हत्या. नाहीतर त्यांनी खालाला मिठाचं पुन्हा एकदा सांगितलं असतं. मी भाकरी वाढताना विचारलंच.

"खाला, आता रान नावावर होईल. घर पण पुन्हा उभं करता येईल. गावी जाऊन राहणार का?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "न्हाय."

"का?"

"गाव माजं हाय, त्ये माजंच ऱ्हाईल. पर तितं सकाळच्याला कोन माजी वाट बगतंय? लोहाऱ्याला धा बायका पाटापाशी बसून बोंबलत असत्याल, खाला कुटं, खाला कुटं."

मला आणखी विचारायचं होतं. पण तिनं चटकन हात धुतले, पिशवी उचलली आणि अक्काच्या मुलाला उठवलं. रवा भिजवून आली होती. चारची एसटी चुकली तर तो आंबला असता.